अनर्थदंडातली मांजर

स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षेत श्रावकधर्माचा भाग आहे. तिथे अनर्थदंडाचा चौथा प्रकार सांगणारी एक गाथा येते. मांजर वगैरे जनावरं बाळगणं, शस्त्रं आणि लोखंड विकणं, लाख आणि पेंड यांचा व्यवहार करणं, हे सगळं त्या एका गाथेत शेजारी शेजारी बसलंय. प्रकाराचं नाव हिंसादान. हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं तसं मांजर घरात ठेवणं, असा विचार. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या आ. ने. उपाध्यांनी १९६० साली या ग्रंथाची आवृत्ती काढली, ती उघडून पाहिली तर मूळ प्राकृतातला 'मज्जार' हा शब्द गाथेच्या अगदी तोंडालाच आहे. तलवारीच्याही आधी.

ही गाथा मला गेल्या पावसाळ्यात तीनदा ऐकवली गेली, आमची भुरी गेल्यावर. ऐकवणाऱ्या बायका वाईट नव्हत्या. त्यातल्या एकीने तर त्या दिवशी आमच्याकडे जेवणाचा डबा पाठवला होता. पण डबा पाठवून तिने वर म्हटलंच, "भाभी, बिल्ली ही तो थी. और शास्त्र में तो रखना ही मना है." त्यानंतर मी जे वाचलं, पुन्हा वाचलं आणि आमच्या मंदिरातल्या दुपारच्या स्वाध्यायात ज्यावरून वाद घातला, त्याचं हे टिपण. शास्त्राविरुद्ध बोलायचं नाहीये मला. शास्त्र अर्धं वाचून दुसऱ्याच्या तोंडावर मारण्याविरुद्ध मात्र बोलायचंय.

आधी गाथेचं जे खरं आहे ते मान्य करू. सांवेर हे धान्याचं गाव. इंदूर-उज्जैन रस्त्यावर मंडीच्या ट्रॉल्या, गहू, चणा, सोयाबीन. धान्याची कोठी तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे मांजर आपण होऊन येते, कोणाला आणावी लागत नाही. जैन घरातही येते. फक्त आपण 'पाळली' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. भुरी आमच्याकडे तेरा वर्षं 'येत' होती. दूध-पोळी खायची आणि रात्री कोठीमागे काय करायची ते आम्ही कोणी विचारत नव्हतो. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य बाहेरून मिळावं लागतं, ते मांसात असतं, दूध-पोळीत पुरेसं नसतं. कमी पडलं तर डोळे जातात, हृदय फुगतं. हृदयाचं हे कारण अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी १९८७ साली दाखवून दिलं. आता डब्यातल्या खाद्यात कारखान्यात बनवलेलं टॉरिन घालतात. तेव्हा दूध-पोळीवर वाढलेली 'आमची शाकाहारी मांजर' ही आपल्या घराघरांतली गोड समजूत आहे. उरलेला हिशोब ती कोठीमागे पुरा करते. कार्तिकेयस्वामींना हे ठाऊक होतं, आणि ते स्पष्ट बोलले. मला त्यांचा राग नाही.

पण याच विषयावर आपल्या माळव्यातला एक माणूस काय म्हणाला तेही ऐकावं. पंडित आशाधर. मुनी नव्हे, गृहस्थ. मांडलगडहून आक्रमणाच्या भीतीने धारेला आले, मग मांडूजवळ नालछ्यात राहिले. तिथे त्यांनी गृहस्थांसाठी 'सागारधर्मामृत' लिहिलं, तेराव्या शतकात. त्यांच्यापुढे हेमचंद्राचार्यांची पंधरा निषिद्ध धंद्यांची यादी होती. त्यात 'असतीपोषण' म्हणून एक आहे. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर असे जीव आणि दासी पैशासाठी पोसणं. 'पैशासाठी' हा शब्द हेमचंद्रांनी टाकलाय, तो वगळून वाचायचा नाही. आशाधरांनी ही यादी दिली आणि लगेच पुढे म्हटलं की काही जण अशी गणती करतात, पण ते काही ठीक नाही. जगात सावद्य कर्मं अगणित आहेत, त्यांची यादी कशी पुरी होणार? फार तर अतिजड बुद्धीच्या माणसांसाठी अशी यादी सांगावी. नालछ्याचा हा गृहस्थ किती मोकळं बोललाय बघा! आपण मात्र आठशे वर्षांनंतरही यादीच घोकतोय.

आता दुसरं वाक्य, जे मला गाथेपेक्षा जास्त लागलं. "रोना मत, आर्तध्यान होता है." हे आपल्यातल्या प्रत्येक बाईने ऐकलेलं असतं. मूल गेलं तरी, नवरा गेला तरी. प्रियाच्या वियोगाचं आर्तध्यान, आणि आर्तध्यानाचं फळ तिर्यंच गती. म्हणजे मांजरासाठी रडशील तर मांजर होशील. एका मावशींनी हे मला हसत हसत म्हटलंसुद्धा. त्यांना वाटलं मीही हसेन.

तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय उघडा. दशलक्षणात नवव्या दिवशी आपण तो भराभर ऐकतो, तेव्हा लक्ष अनंत चतुर्दशीच्या तयारीकडे लागलेलं असतं. तिथे आर्तध्यानाच्या लक्षणात अश्रू हा शब्दच नाही. शब्द आहे स्मृतिसमन्वाहार. नकोसं जवळ आलं की ते जावं म्हणून, आणि हवंसं दूर गेलं की ते परत मिळावं म्हणून मनाने पुन्हा पुन्हा तिथेच घोटाळत राहणं. 'परत मिळावं' यात सगळं आहे. तेरा वर्षांच्या मांजराची मूत्रपिंडं निकामी झाली, ती गेली, आणि रिकाम्या वाटीकडे बघून डोळ्यांत पाणी आलं. त्यात परत मिळण्याची मागणी कुठे आहे? असेलही कधी. रात्री दार खरवडल्यासारखं वाटून उठून बघितलं, ते त्यात येईल. पण ते माझं मी ओळखायचं. माझ्या डोळ्यातलं पाणी पाहून बाहेरच्याने ठरवायचं ते नव्हे.

कोणी म्हणेल, नववा अध्याय सोडा, सहाव्यात तर रडण्याचं नाव घेऊन सांगितलंय. बरोबर आहे. असातावेदनीयाच्या आस्रवांचं ते सूत्र. त्यात सहा शब्द आहेत: दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध, परिदेवन. हे सहा एका दमात म्हणायची आपली सवय, म्हणून ते एकाच गोष्टीची सहा नावं वाटतात. पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी जवळ घेऊन बसलं की मग कळतं की हा माणूस प्रत्येक शब्द वेगळा काढून धुऊन वाळत घालतो.

शोक म्हणजे काय? ते म्हणतात, ज्याने आपल्यावर अनुग्रह केला, त्याच्याशी संबंध तुटल्यावर येणारी विकलता. अनुग्राहक हा त्यांचा शब्द. इथे मी थांबले. ज्याच्यासाठी शोक होतो तो आपला उपकारकर्ता असतो, हे व्याख्येतच गृहीत धरलंय. माणूस की जनावर, ते तिथे लिहिलेलं नाही. भुरीने माझ्यावर काय उपकार केले? उंदरांचा हिशोब तर मी वर पापाच्या खात्यात मांडलाय, तो इथे जमेला धरता येणार नाही. तो सोडून जे उरतं ते असं: मुलं शिकायला गेली, दुकान आणि मंदिर सोडलं तर घरात दिवसभर कोणी नाही, तेव्हा एक जीव मांडीवर येऊन बसायचा आणि कसलीही चौकशी करायचा नाही. याला अनुग्रह म्हणायला पूज्यपादांची हरकत असेल असं मला वाटत नाही.

आक्रंदन म्हणजे आतल्या परितापाने ढसढसा अश्रू ढाळत विलाप करणं. परिदेवन म्हणजे गेलेल्याचे गुण आठवून, सांगून, ऐकणाऱ्यालाही दया यावी असं रडणं. गावाकडे बायका मयताला जे करतात ते हेच, आपण पाहिलंय. या दोन्हींत मन क्लेशाने भरलेलं असतं म्हणून ते असाताचं कारण, हे मी मान्य करते.

आणि ताप? इथे खरी मेख आहे. निंदा वगैरे कारणांनी मन गढूळ होऊन जी तीव्र टोचणी लागते ती ताप. म्हणजे भुरी गेली तेव्हा मला झाला तो शोक, आणि "बिल्ली ही तो थी, रखना ही मना है" ऐकल्यावर झाला तो ताप. शब्द दोन, कारणं दोन, आणि दुसऱ्याचं कारण बाहेरून आलेलं. आता सूत्राचं पुढचं टोक पकडा. हे सहाही स्वतःत असोत, दुसऱ्यात असोत की दोघांत असोत, आस्रव होतोच. दुसऱ्याच्या मनात ताप उत्पन्न करणं हेही त्याच सूत्रात, त्याच कर्माच्या खाली. रडणारीला आर्तध्यानाची भीती घालणाऱ्या बाईने हे टोक वाचलेलं नसतं. मी स्वाध्यायात हे मांडलं तेव्हा थोडी शांतता झाली. मग एक आजी म्हणाल्या, "तो फिर चुप ही बैठना चाहिए था हमें." मी म्हटलं, हो आजी, नुसतं शेजारी बसलं असतं तरी चाललं असतं.

त्या सूत्राला लागून पुढचंच सूत्र सातावेदनीयाचं आहे, आणि ते सुरू होतं प्राण्यांवरच्या अनुकंपेने. आजारी जनावराची शुश्रूषा करणारी बाई या दोन सूत्रांच्या मधल्या जागेत उभी असते. एका हाताने अनुकंपा करते, दुसऱ्या हाताने डोळे पुसते. रडायचं नसेल तर सोपा उपाय म्हणजे आधी जीवच लावायचा नाही. तो उपाय सूत्रकारांनी सांगितलेला नाही. जीव लावण्याला आणि अनुकंपेला कुठे वेगळं काढायचं हा माझा स्वतःचा प्रश्न आहे, आणि तो चार महिने रोज समोर होता.

चार महिने म्हणजे आजाराचे. म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा जुना आजार फार होतो. आधी पाणी जास्त पितात, आपल्याला वाटतं उन्हाळा आहे. मग वजन उतरतं, मग तोंडाला वास येतो, तोंडात चट्टे पडतात, खायला जवळ येतात आणि हुंगून परत जातात. इंदूरला डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं तेव्हा बराच भाग गेलेला होता. दिवसाआड शंभर मिली सलाईन मानेजवळच्या सैल कातडीत सोडायला मला शिकवलं. सुई बघितली की ती पहिल्यांदा पळायची, नंतर नंतर पळायचं सोडलं. ते सोडलं याचं जास्त वाईट वाटायचं. मी रोज एका पंचेंद्रिय जीवाला टोचत होते, पर्युषणाच्या दिवसांतही.

याचं उत्तरही पूज्यपादांनी त्याच सूत्राखाली देऊन ठेवलंय. शंका अशी आहे की दुःख देण्याने असाता बांधली जाते, तर मग केशलोच, उपवास हे सांगितलेच कशाला? उत्तरात ते एक वैद्य आणतात. मनात परम करुणा असलेला वैद्य एखाद्या संयमी साधूचं गळू फोडतो. दुखतं, पण बाहेरच्या त्या दुखण्याच्या निमित्तानेच वैद्याला पापबंध होत नाही. आत क्रोध वगैरेंचा आवेश नाही ना, ते बघायचं. हा दृष्टांत मी पूर्वीही ऐकला होता आणि साधूकडे बघून ऐकला होता. यंदा सुई हातात धरणाऱ्याकडे बघून ऐकला.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी झोपेच्या इंजेक्शनचं सुचवलं. जगभर पशुवैद्य सुचवतात, त्यांच्या दृष्टीने ती दयाच असते. मी नको म्हटलं. सहा शब्दांतला पाचवा शब्द वध आहे आणि तो मला चुकवता आला नाही. त्यामुळे तिचे दोन दिवस जास्त कठीण गेले असतील, हेही लिहून ठेवते. नियम पाळला की त्याची किंमत दुसऱ्या जीवाने मोजली तरी चालते, असं म्हणण्याइतकी माझी छाती नाही.

तिने शेवटी खाणं सोडलं तेव्हा शेजारणींनी मोठ्या मायेने म्हटलं, "सल्लेखना ले ली उसने." ते मात्र मला पटलं नाही. मन असलेला पंचेंद्रिय तिर्यंच अणुव्रतं घेऊ शकतो, पाचव्या गुणस्थानापर्यंत जाऊ शकतो, हे आपलं शास्त्र सांगतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मूत्रपिंड बिघडलं की विष रक्तात साठतं, मळमळतं आणि अन्न नको होतं. त्याला सल्लेखना म्हणणं म्हणजे मांजराच्या दुखण्यावर आपल्या सोयीची शाल पांघरणं.

ही शाल पांघरायची सवय आपल्या कथांनी लावलीय असं माझं मत आहे. आता कथांकडे येते.

जीवंधरकुमाराची कथा घ्या. वादीभसिंहांची 'क्षत्रचूडामणी' आणि 'गद्यचिंतामणी' दोन्हींत ती आहे. यज्ञाचं अन्न बाटवलं म्हणून एका कुत्र्याला मार बसतो, तो मरणाच्या दारात पडलेला असतो. जीवंधर त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हणतो. कुत्रा मरतो आणि सुदर्शन नावाचा यक्ष होतो. लगेच परत येऊन कुमाराचे आभार मानतो, आणि पुढे कथाभर अडीअडचणीला धावून येतो. पार्श्वनाथांच्या चरित्रात तापसाच्या लाकडात होरपळलेली नागाची जोडी, मंत्र ऐकून धरणेंद्र-पद्मावती. माझ्या माहेरच्या बाजूला ज्या पद्मावतीची आपण ओटी भरतो ती ही होरपळलेली नागीण. आणि महावीरांच्या समवसरणाकडे कमळाची पाकळी तोंडात धरून निघालेला, श्रेणिकाच्या हत्तीच्या पायाखाली आलेला बेडूक. तोही देव.

या कथा मला प्रिय आहेत. कुत्रा, साप, बेडूक यांनाही आत्मा आहे, त्यांच्या कानाला मंत्राचा अधिकार आहे, हे ज्या काळी ठामपणे लिहिलं गेलं त्या काळाला नमस्कार. मीही भुरीच्या कानाशी णमोकार म्हटला. पण वाचक म्हणून एक तक्रार आहे. या कथांना फार घाई असते. जनावर पडलं की मंत्र, मंत्र झाला की देवगती. मधे काहीच नाही. 'क्षत्रचूडामणी'त तर श्लोकाच्या पहिल्या अर्धात गोष्ट आणि दुसऱ्या अर्धात नीतिवचन अशी रचना आहे, त्यामुळे कुत्र्याला नीट मरायलाही अर्धाच श्लोक मिळतो. आणि कथेत मागे कोणी उरत नाही. कुमाराला रडायला जागाच नाही, कारण गेलेला क्षणात मुकुट घालून समोर उभा. आमच्या घरी कोणी मुकुट घालून आलं नाही. वाटी धुऊन कुठे ठेवायची हा प्रश्न आला.

आणि मांजराची अशी गोष्ट माझ्या वाचनात नाही. कुत्रा आहे, नाग आहे, हत्ती आहे, महावीरांच्या पूर्वभवातला सिंह आहे. सिंह मांसाहारीच की! पण तो जंगलातला, भव्य. घरातली, चुलीपाशी बसणारी, उंदीर खाणारी मांजर मात्र यादीतच राहिली. दिल्लीला लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयात मांसाहारी पक्ष्यांना उपचार मिळतो पण आत भरती करून घेत नाहीत. कबुतरं आत, घार दारात. त्यामागची अडचण मला समजते, एकाच खोलीत दोघांना कसं ठेवणार? तरी ते दार मला आपल्या कथांमधल्या दारासारखं वाटतं.

आपले ग्रंथ बाजूला ठेवून बाकीच्यांनी काय लिहिलंय तेही चाळलं. मराठीत पाळीव प्राण्यांचा विषय निघाला की आधी हसू येतं. त्याला पु.लं.चा 'पाळीव प्राणी' हा लेख बराच कारण आहे. लेख धमाल आहे, पण तेव्हापासून जनावरावर जीव लावणारा माणूस म्हणजे थोडा येडपट हे आपल्याकडे पक्कं झालं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघापासून त्याने राजाला वाचवलं म्हणे. म्हणजे दगड मिळायला वाघ लागला. 'श्यामची आई'त आईची लाडकी मांजर आहे, मथी. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई गेल्यावर मथी अन्न टाकते आणि आईच्या मागोमाग जाते. लहानपणी मी ते वाचून खूप रडले होते. आता वाचताना दिसतं की तिथेही मांजर आईचा मोठेपणा सांगायला आहे. मांजर माणसासाठी शोक करते, हे मराठीला चालतं. उलटं कोणी लिहिलं तर आपण हसतो.

उलटं लिहिलं ते महादेवी वर्मांनी, हिंदीत. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण आपल्या इंदूरच्या मिशन स्कूलमध्ये झालं, म्हणून इकडच्या शाळांत त्यांचं नाव जरा आपुलकीने घेतात. 'मेरा परिवार' १९७२ चं. त्यातली 'गिल्लू' ही खारीची गोष्ट तुमच्या मुलांनी हिंदीच्या पुस्तकात वाचली असेल. कावळ्यांनी टोचलेलं पिल्लू, कापसाच्या वातीने दूध पाजण्याचा खटाटोप, खिडकीच्या जाळीचा एक कोपरा उघडून दिलेली वाट. आणि शेवटची रात्र: तो झोक्यावरून उतरून त्यांच्या अंथरुणात येतो, गार पडलेल्या पंजांनी बोट धरतो, त्या उठून हीटर लावतात. कोणी देव होत नाही. हीटर लावला जातो, बस. 'गौरा'मध्ये तर आजारपणच आजारपण आहे. गवळ्याने गुळातून सुई खायला घातलेली गाय, डॉक्टरांच्या फेऱ्या, सफरचंदाचा रस पाजत राहणं, आणि सुई हृदयाकडे सरकतेय हे ठाऊक असून वाट बघणं. जीवंधराच्या कथेत जी मधली जागा रिकामी आहे, ती या बाईने पानंच्या पानं भरून काढलीय. कोणत्या दिवशी काय खाल्लं, डोळे कसे दिसत होते, कोण बघायला आलं.

त्यांचंही सगळं मला पटत नाही. गिल्लूला सोनजुहीच्या वेलीखाली ठेवल्यावर तो पुढे कधीतरी जुईच्या फुलात उमलेल हा जो विश्वास शेवटी येतो, तो वाचताना गोड वाटतो, पण मला तो घेता येत नाही. आपल्याकडे जीव देह सोडतो तो जास्तीत जास्त चौथ्या समयाला नव्या जन्मस्थानी पोचलेला असतो. समय म्हणजे डोळ्याची पापणी लवते त्याच्याही असंख्यातव्या भागाएवढा काळ. फुलात यायला तो इथे थांबलेलाच नसतो. मुलीने पुण्याहून मला इंद्रधनुष्याच्या पुलाची ती इंग्रजी गोष्ट पाठवली. स्कॉटलंडमधल्या एका तरुण मुलीने १९५९ साली आपला कुत्रा गेल्यावर लिहिलेली. गेलेली जनावरं एका हिरव्या माळावर मालकाची वाट बघत खेळतात. मुलीने प्रेमाने पाठवली, मी तिला काही म्हटलं नाही. पण आपल्या हिशोबात कोणी वाट बघत नाही. मी इथे तिची वाटी पुसत होते तेव्हा तो जीव कुठल्यातरी नव्या देहात आहार-पर्याप्तीला लागलेला होता, आणि त्याला माझं काही ठाऊक नव्हतं. आपला शोक असा बिनपत्त्याचा असतो. आणखी एक अवघड गोष्ट, महादेवींनी फूल पाहिलं, बेडकाला स्वर्ग मिळाला. तेरा वर्षं उंदीर मारलेल्या जीवाच्या गतीबद्दल मी तोंड उघडून काय बोलू? मंत्र कानावर पडला एवढंच हातात होतं. आणि मेल्यावर ऐकायला कोणी नसतं, म्हणून आपल्याकडे जे करायचं ते मरणाच्या आधी करायचं असतं. चार महिन्यांची सुई, रात्री उठून तोंड पुसणं, उबेला जुनं लुगडं, ते सगळं आधीचं होतं. बाराव्या-तेराव्यापेक्षा ही रीत मला जास्त पटते.

सूतकाच्या छोट्या पुस्तिकांत एक ओळ असते. गाय, म्हैस, घोडा असं घरचं जनावर घरात मेलं तर एक दिवसाचं सूतक, घराबाहेर मेलं तर नाही. आमच्याकडे यावरून चर्चा झाली की मांजर 'घरचं जनावर' धरायचं की नाही. भुरी ओसरीत गेली होती. ओसरी घरात मोजायची की बाहेर, यावरही दोन मतं पडली. सासूबाईंनी कोणाला न विचारता त्या दिवशी अभिषेकाला जायचं टाळलं, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून गेल्या. त्यांनी मांजराला तेरा वर्षांत कधी हात लावला नव्हता. त्या एक दिवसात कोणी मला काही सुनावलं नाही. गाथा वगैरे सगळं तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

येत्या महिन्यात आमच्या स्वाध्यायात 'क्षत्रचूडामणी' लावायचं ठरलंय, हिंदी अनुवादासह. कुत्र्याचा प्रसंग आला की मी तिथे एक दिवस थांबा म्हणणार आहे. मंत्र जीवंधराने म्हटला, ते लिहिलेलं आहे. त्या कुत्र्याला पाणी कोणी पाजलं, त्याच्या अंगावरच्या माशा कोणी हाकलल्या, आणि यक्ष निघून गेल्यावर ते कलेवर कोणी उचललं, ते बायकांना विचारायचंय. आजींना काहीतरी सुचेल.